मधमाशांचा खरा हिंवाळा

आमच्या शाळेच्या मागील आवारांत, विहिरीकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला, मधमाशांच्या चार पेट्या आहेत, हें वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहेच. गेल्या डिसेंबरांत या पेट्यांसंबंधानें मुख्याध्यापकांकडे दोन पत्रें आलीं. पहिलें एका पालकांचें. त्यांच्या मुलाच्या कानास माशी डसली, सबब पेट्या तेथून ताबडतोब काढून टाकाव्या, असा त्यांचा आग्रह. दुसरें पत्र एका माउलीचें, आणि तें अगदीं उलट दिशेचें. दोन वर्षांपूर्वींपर्यंत नाताळच्या विक्रींत शाळेचा मध मिळत असे, तो आतां कां मिळत नाहीं, असा त्यांचा सवाल.

मुख्याध्यापकांनीं दोन्ही पत्रें माझ्या हातीं दिलीं आणि हंसून म्हणाले, "माशा तुमच्या, उत्तरही तुम्हींच द्या." दोन ओळींच्या चिठ्ठीनें हें काम भागण्यासारखें नाहीं, म्हणून या वार्षिकाचीं दोन-चार पानें अडवीत आहें. माझें मत आरंभींच सांगून टाकतों. पेट्या शाळेंत राहाव्या. वाटेवरून मात्र त्या हलवाव्या, कारण त्या पालकांचें म्हणणें तेवढ्यापुरतें खरें आहे. आणि डिसेंबरांत त्यांतून मधाचा एक थेंबही काढूं नये. ही शेवटली गोष्ट पटवून देण्यासाठीं मला थोडें दुरून यावें लागेल, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

युरोपांत व उत्तर अमेरिकेंत जी मधमाशी पाळतात ती आपल्या सातेरीहून अंगानें मोठी असते. तिकडे हिंवाळ्यांत महिनेच्या महिने एक फूल दृष्टीस पडत नाहीं. अशा दिवसांत माशा निजून राहात असतील, अशी समजूत पुष्कळ काळ होती. जिनीव्हाचा फ्रान्स्वा ह्यूबर हा तरुणपणींच दृष्टि गमावलेला गृहस्थ. त्यानें आपल्या नोकराच्या डोळ्यांनीं मधमाशांचें निरीक्षण केलें, आणि १७९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत, हिंवाळ्यांतही माशा जाग्या असतात, असें स्पष्ट लिहून ठेविलें. थंडी वाढूं लागली म्हणजे त्या पोळ्यांवर एकमेकींस बिलगून एक गोळा करतात. पंख न हलवितां उडण्याचे स्नायु तेवढे थरथरवीत राहातात, आणि त्या श्रमाच्या उष्णतेवर सगळें कुटुंब तगून जातें. बाहेरच्या बाजूच्या माशा आंत येतात, आंतल्या बाहेर जातात. या शेगडीचें जळण म्हणजे मध. कडाक्याच्या प्रदेशांत एका वसाहतीस हिंवाळा काढण्यास पंचवीस-तीस किलो, कित्येक ठिकाणीं त्याहूनही अधिक मध लागतो. आणि तो तिच्यापाशीं ठेवणें हें तिकडील मधपाळाचें पहिलें कर्तव्य समजतात.

अशी वसाहत मरते ती कोणत्या महिन्यांत, असा प्रश्न मी वर्गांत नेहमीं विचारतों. सर्व मुलें एका सुरांत म्हणतात, "ऐन थंडींत, सर." उत्तर चूक आहे. पुष्कळदां ती मरते थंडी सरतां सरतां, वसंताच्या उंबरठ्यावर. दिवस मोठा होऊं लागतांच राणी पुन्हा अंडीं घालूं लागते. पिलाव्यास चौतीस-पस्तीस अंश सेल्सिअस उष्णता सतत हवी; म्हणजे शेगडी एकदम मोठी करावी लागते, आणि मध दुप्पट-तिप्पट वेगानें सरूं लागतो. शरदांत जन्मलेल्या ज्या माशांनीं पांच-सहा महिने घर संभाळलें त्या आतां म्हाताऱ्या होऊन गळूं लागतात. नव्या अजून बाहेर आलेल्या नसतात. फुलें आज येतील, उद्यां येतील, अशी वाट पाहात असतां कोठी रिकामी होते, आणि एखाद्या आठवड्याच्या थंड झडींत सगळें घर उपासानें संपतें. चार बोटांवर मध असून तेथवर जाण्याचें त्राण न उरल्यामुळें मेलेल्या वसाहतीही मधपाळांस आढळतात.

हें सर्व मीं इंग्रजी पुस्तकांतून वाचलें, तोंडपाठ केलें, आणि आमच्या डोंगरावर जसेंच्या तसें लागू केलें. माझी चूक झाली ती येथें.

डिसेंबर आला कीं मी पेट्यांस गोणपाटें गुंडाळीत असें, दारें बारीक करीत असें, मुलांस हिंवाळ्याचा गोळा दाखविण्यासाठीं झांकण उचलीत असें. आणि त्याच महिन्यांत, पावसाळ्यानंतरच्या फुलांचा जो मध सांठलेला असे, तो नाताळच्या विक्रीसाठीं काढून घेत असें. माझा हिशेब सोपा होता. आपल्याकडे बर्फ पडत नाहीं. दोन महिन्यांनीं वसंत येणारच. मग माशांस एवढ्या मधाचें काय काम? मे महिन्यांत पुन्हा एकदां पेटी निपटून काढीत असें. जून लागला कीं पेट्यांवर पत्रे टाकून मी निश्चिंत होई, कारण माझ्या पुस्तकांत उन्हाळ्यानंतरचे महिने सुबत्तेचे म्हणून लिहिलेले होते! पावसाळ्यांत एक-दोन पेट्या रिकाम्या होत. ऑक्टोबरांत आम्ही गांवकऱ्यांकडून रानांतील वसाहती आणवून त्या भरीत असूं. दरवर्षींचा हा क्रम इतका अंगवळणीं पडला होता कीं त्यांत कांहीं वावगें आहे असें माझ्या मनांतही आलें नाहीं.

दोन वर्षांपूर्वींच्या जुलैंत आठ-दहा दिवस पावसानें उघडीप म्हणून दिली नव्हती. नंतर एका दुपारीं नववींतला एक मुलगा, जो पेट्यांची देखभाल मनापासून करीत असे, धांवत माझ्याकडे आला. आम्ही चारही पेट्या उघडल्या. चारही रिकाम्या. पोळ्यांवर मेणकिड्याचीं जाळीं पसरलेलीं, तळपाटावर काळा भुगा, आणि एका पेटींत मूठभर मेलेल्या माशा. बाकीच्या घर सोडून गेल्या होत्या. मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "सर, एवढ्या पावसांत त्या गेल्या कोठें असतील?" मला उत्तर देतां आलें नाहीं. नाताळांत विकलेल्या बाटल्यांचे पैसे वर्गाच्या पेटींत जमा होते. त्यांची आठवण मात्र त्या वेळीं झाली.

त्या दिवसापासून मीं पुस्तक बाजूस ठेविलें आणि पंचांग हातीं घेतलें.

आपली सातेरी माशी डोंगरांतील झाडांच्या ढोलींत, कपारींत, जुन्या भिंतींच्या पोकळींत राहाणारी आहे. ती अंधाऱ्या जागेंत एकाशेजारीं एक अशीं अनेक पोळीं बांधते, म्हणूनच ती पेटींत राहूं शकते. आग्या आणि फुलोरी या उघड्यावर एकच पोळें बांधतात, म्हणून त्या पेटींत राहात नाहींत. सातेरी थोडा मध सांठविते. वर्षास पांच-दहा किलो मिळाला तर मधपाळ समाधान मानतो. आणि तिचा मोठा स्वभावविशेष हा कीं अडचण सोसवेनाशी झाली म्हणजे ती घरांत बसून मरण्यापेक्षां घर सोडून जाणें पसंत करते. परदेशची माशी उपासानें मरते. आपली निघून जाते. रिकामी पेटी पाहून मधपाळास वाटतें कीं माशी बेइमान. पण बहुधा तिनें महिनाभर वाट पाहिलेली असते.

आतां आपला हिंवाळा पाहा. महाबळेश्वराच्या पठारावर जानेवारींत थंडी झोंबते खरी. वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहांटे दंवाचे कण गोठतात, आणि वर्तमानपत्रांत त्याचीं छायाचित्रें येतात. परंतु दहा-अकरा वाजतां ऊन चढलें कीं माशा बाहेर पडतात. रानांत, बागांत, खालच्या गांवांच्या शेतांत थोडें ना थोडें फुललेलें असतेंच. सातेरी तर परदेशी माशीहून कमी उष्णतेंतही कामास निघते. मग आपल्या माशांचा खरा हिंवाळा कोणता? ज्या प्रदेशांत वर्षाचा पाऊस सरासरी पांच हजार मिलिमीटरांहून अधिक, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तेथें माशी दाराबाहेर पडणार केव्हां आणि आणणार काय? थंड देशांत बर्फ जें करतें तें आपल्याकडे आषाढ-श्रावणांतली झड करते. आपला हिंवाळा पावसाळ्यांत येतो.

असें असतां हेमंत ते वसंत या दिवसांस आपल्याकडे महत्त्व नाहीं काय? उलट, माझ्या मतें सगळें वर्ष या दिवसांत ठरतें. हें नीट समजण्यास थोडें गणित करावें लागेल. पांचवीच्या मुलासही तें जमेल.

आपल्या रानांत जांभूळ मार्च-एप्रिलांत फुलतो. त्याच्या मागोमाग हिरडा येतो. गेळाही याच दिवसांतला. वर्षाचा मुख्य मध हाच. (कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते, व्हायटीचाही बहर असाच कांहीं वर्षें आड येतो, तीं वर्षें सोनियाचीं, पण त्यांवर भरंवसा ठेवून संसार होत नाहीं.) फुलांतून मकरंद आणणारी कामकरी माशी अंड्यापासून तयार होण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. जन्मल्यावर ती लगेच रानांत जात नाहीं. पहिले दोन-तीन आठवडे ती घरांतच राबते: खोल्या झाडते, पिलांस भरविते, मेण काढते, पोळें बांधते, दारावर राखण करते. म्हणजे अंडें घातल्यापासून तिला रानांत जाण्यास पांच-सहा आठवडे हवेत. मार्चच्या अखेरीस जांभळावर जाणारी माशी फेब्रुवारीच्या मध्यापूर्वीं अंड्यांत आलेली पाहिजे. ती अंडीं राणीनें घालावीं म्हणून तिला भरपूर अन्न पाहिजे. पिलें वाढावीं म्हणून पराग आणि मध कोठींत पाहिजे. तो मध जानेवारी-फेब्रुवारींत कोठून येणार? ऑक्टोबर-नोव्हेंबरांत सांठविलेला जो असेल तोच. आणि तोच मी नाताळांत बाटल्यांत भरून विकीत होतों.

त्या माउलींस माझें हेंच नम्र उत्तर आहे. डिसेंबरांतला एक किलो मध काढला कीं चैत्रांतले दोन किलो जातात, आणि वैशाखांत सांठा कमी झाला कीं आषाढांत घर मोडतें. दुर्बळ वसाहत जांभळाचा मोहोर येतो तेव्हां पिलें वाढविण्यांत गुंतलेली असते. ती सबळ होते तोंवर मोहोर झडून गेलेला असतो.

मग मधपाळानें या तीन-चार महिन्यांत करावें तरी काय? मुलांनीं भ्रमणध्वनीवर परदेशची चलच्चित्रें पाहून मला अनेक युक्त्या सुचविल्या आहेत. पेट्यांस काळें कापड गुंडाळावें, झांकणाखालीं साखरेच्या वड्या ठेवाव्या, वगैरे. त्या त्या देशांत त्या युक्त्या योग्यच असतील. आपल्या पेट्यांस मला पुढील गोष्टी लागू पडलेल्या दिसल्या आहेत.

डिसेंबर-जानेवारींत पेटी शक्य तों उघडूं नये. तिच्या मागील बाजूस हात घालून ती बोटभर उचलून पाहावी; वजनावरून आंतील सांठ्याचा अंदाज येतो. चार-पांचदां केल्यानें हाताला सवय होते, आणि आमच्या आठवींतल्या मुलींचा अंदाज माझ्याहून अचूक असतो. उघडायचीच तर निरभ्र दिवशीं, भर दुपारीं, आणि दोन-चार मिनिटांत बंद करावी. पिलाव्यावरून वारा गेला कीं तो गारठतो. दार पूर्वेस असावें, म्हणजे सकाळचें ऊन लवकर मिळतें. उत्तरेचा वारा अडविण्यास मागें कूड किंवा झुडूप असावें. गोणपाट मीं आतां सोडून दिलें आहे. त्याखालीं ओल धरते, आणि थंडीपेक्षां ओल माशांस अधिक बाधते.

ज्या पोळ्यांवर माशा नाहींत तीं पेटींत ठेवूं नयेत. रिकामें पोळें म्हणजे मेणकिड्यास दिलेलें आमंत्रण. घर जेवढें माणसांनीं भरलेलें तेवढेंच असावें. मोकळ्या खोल्या तापविण्यांत श्रम फुकट जातात. जुनीं काळीं पडलेलीं पोळीं सातेरीस मुळींच आवडत नाहींत, ती तीं स्वतःच कुरतडूं लागते. तीं या दिवसांत हळूहळू कडेला सारून काढून टाकावीं, म्हणजे वसंतांत माशा नवीं बांधतील. तळपाट आठवड्यास एकदां पुसावा. त्यावरच्या भुग्यांत किडा वाढतो. पेटीच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवाव्या, नाहींतर मुंग्या रातोरात घर लुटतात. हीं कामें क्षुल्लक दिसतात, आणि त्यामुळेंच तीं राहून जातात. आमच्याकडे तळपाट पुसण्याची पाळी ज्या मुलाची असेल त्याचें नांव फळ्यावर लिहिलेलें असतें.

चौकटी उचलून हें सर्व करतां येतें याचें श्रेय एका धर्मोपदेशकाला आहे. अमेरिकेंतील रेव्हरंड लँगस्ट्रॉथ यांनीं १८५१ सालीं असें हेरलें कीं दोन वस्तूंमध्यें सुमारें तीन अष्टमांश इंच अंतर ठेविलें तर माशा तेवढी जागा येण्याजाण्यास मोकळी ठेवितात; त्याहून कमी असेल तर चिकटवून टाकतात, अधिक असेल तर तेथें पोळें बांधतात. एवढ्या एका निरीक्षणावर उचलतां येणाऱ्या चौकटींची पेटी उभी राहिली, आणि मधासाठीं घर मोडण्याची गरज संपली. सातेरीच्या अंगलटीस तें माप मोठें पडतें. दक्षिणेंत तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन यांनीं १९११ च्या सुमारास तिच्यासाठीं लहान पेटी बनविली व खेड्यांतील लोकांस ती वापरण्यास शिकविलें. पुढें महाबळेश्वरीं हा धंदा रुजला, पुण्यास १९६२ सालीं मधमाशांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली, आणि २०२२ सालीं आपल्या शेजारचें मांघर हें मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. मांघरास घरोघरीं पेट्या आहेत. शाळेच्या सहलीसाठीं याहून जवळचें व अधिक शिकण्यासारखें ठिकाण मला माहीत नाहीं. परंतु सहल म्हटली कीं मुलांचा ओढा दुसरीकडे असतो, तें असो.

साखरेच्या पाकासंबंधानें दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण येथें पालकांच्या मनांत संशय असतो. माशांस साखर घालतात म्हणजे मध खोटा, असें पुष्कळांस वाटतें. सांठा कमी असेल तर जानेवारीच्या अखेरीपासून साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पातळ पाक थोडा थोडा, संध्याकाळीं, पेटीच्या आंत द्यावा. दिवसा किंवा बाहेर दिला तर शेजारच्या पेट्यांतील माशा लुटालूट सुरू करतात. बाहेरून अन्न येतें असें वाटून राणी अंडीं घालूं लागते. पण जांभळाचा मोहोर आला, वरची मधाची कोठी चढविली, कीं त्या दिवसापासून साखर बंद. त्यानंतर दिलेला पाक मधाच्या कोठींत जातो, आणि तो मध म्हणून विकणें ही सरळ फसवणूक होय. पावसाळ्यांत मात्र पाक द्यावाच लागतो. त्या वेळीं मध काढावयाचा नसतो, जगवावयाचें असतें. जातां जातां हेंही सांगतों कीं हिंवाळ्यांत बाटलींत मध थिजून रवाळ झाला म्हणजे त्यांत साखर मिसळली आहे असें होत नाहीं. मधांतील द्राक्षशर्करा थंडींत स्फटिक धरते. कोंबट पाण्यांत बाटली ठेवली कीं तो पुन्हा पातळ होतो. या एका गैरसमजापायीं खरा मध परत करून खोटा पसंत करणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत.

फेब्रुवारीच्या मध्यास पेटीची भाषा बदलते. पोळ्याच्या खालच्या कडेस नरांचीं घरें दिसूं लागतात. त्यांचीं झांकणें फुगीर असून मध्यभागीं सुईच्या टोंकाएवढें छिद्र असतें. नर दिसले कीं राणीचीं घरें दूर नाहींत. तीं खालीं बोंडासारखीं लोंबतात, आणि त्यांतली राणी अंड्यापासून सोळाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर येते. त्याआधींच जुनी राणी अर्धें कुटुंब घेऊन निघून जाते. यास घर फुटणें म्हणतात. हें दुखणें नव्हे, सुबत्तेचें लक्षण आहे. परंतु ऐन हंगामाच्या तोंडावर अर्धें मनुष्यबळ गेलें तर मधाची आशा सोडावी. यासाठीं दर आठवड्यास पाहावें, माशांस आधींच जागा वाढवून द्यावी, आणि वसाहत खरोखरच दाट असेल तर आपल्याच हातांनीं तिच्या दोन पेट्या कराव्या. गेल्या वर्षीं आम्हीं अशी एक पेटी विभागली. रानांतून नवी वसाहत आणण्याची गरज त्यामुळें उरली नाहीं.

रानांतील वसाहती वारंवार आणण्याविरुद्ध माझें आणखी एक कारण आहे. १९९१-९२ सालीं दक्षिण भारतांत सातेरीच्या पिलाव्यास एका विषाणूचा रोग जडला. अळी पाण्यानें भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरे. कर्नाटक, केरळ व तामिळनाडू या प्रांतांत दहांपैकीं नऊ वसाहती त्यांत गेल्या. कोठूनही आणलेली पेटी न तपासतां आपल्या पेट्यांजवळ ठेवणें हें त्यानंतर कोणाही जाणत्या मधपाळास परवडणारें नाहीं. आम्ही तेंच वर्षानुवर्षें करीत होतों, आणि रान मात्र आमच्या हलगर्जीची भरपाई करीत होतें.

आतां पहिल्या पत्राकडे वळतों. त्या मुलानें पेटीच्या दारांत काडी घातली होती, हें त्यानें स्वतःच मला सांगितलें, आणि त्याबद्दल त्याला पुरेसें शासन कानास मिळालेंच आहे. तथापि त्याच्या वडिलांची भीति मी वेडी समजत नाहीं. आग्यामोहोळ उठून माणसें जायबंदी झाल्याच्या, प्रसंगीं दगावल्याच्या बातम्या आपण ऐकतों. सातेरी आणि आग्या यांत अंतर मोठें आहे, पण डसलेल्यास तें समजावीत बसण्यांत अर्थ नसतो. माशी डसली तर नांगी तत्काळ नखानें खरवडून काढावी, मग थंड पाण्याची पट्टी ठेवावी. क्वचित् एखाद्याच्या प्रकृतीस एकच दंश बाधतो. अंगावर गांधी उठल्या, ओंठ सुजले, श्वास कोंडूं लागला, तर घरगुती उपायांत एक मिनिट न घालवितां इस्पितळ गांठावें. ज्या मुलांना पूर्वीं असा त्रास झाला आहे त्यांच्या पालकांनीं मला कळवावें. त्या मुलांस पेट्यांकडे पाठविलें जाणार नाहीं, आणि त्याबद्दल वर्गांत कोणी हंसणारही नाहीं, याची हमी मी घेतों.

पेट्या वाटेवर ठेवणें हा माझा दोष. विहिरीच्या पलीकडे करवंदीच्या जाळीआड त्यांची जागा आधींच असावयास हवी होती. पत्र आलें त्याच दिवशीं त्या कां हलविल्या नाहींत, असें त्या पालकांनीं पुन्हा विचारलें आहे, तर त्याचेंही कारण सांगतों. माशी आपल्या घराची जागा आसपासच्या खुणांवरून लक्षांत ठेविते. पेटी एकदम चाळीस पावलें दूर नेली तर रानांतून परतलेल्या माशा जुन्या जागीं येऊन घिरट्या घालतात, आणि संध्याकाळच्या थंडींत तेथेंच पडून मरतात. त्यांत मरणाऱ्या त्याच असतात ज्यांच्यावर फेब्रुवारींतला पिलावा अवलंबून आहे. म्हणून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही रोज संध्याकाळीं, माशा घरांत आल्यावर, प्रत्येक पेटी दोन-अडीच फूट पुढें सरकवितों. दोन मुलें पेटी धरतात, तिसरा मुलगा मोजपट्टी, आणि चौथी एक मुलगी वहींत अंतर व पेटीचें वजन मांडते. हें लिहीत असतां पेट्या विहिरीच्या कठड्यापाशीं पोंचल्या आहेत. जांभळाला अजून कळी नाहीं. तिसऱ्या पेटींत काल नरांचीं पहिलीं घरें दिसलीं.